प्रकरण ७ : पहिल्या घराचा हिशेब

पुण्याच्या हद्दीत नव्याने आलेल्या एखाद्या गावात ४० लाखांचा वन बीएचके बघून आलेलं जोडपं रात्री जेवताना बोलतं ते हप्त्याबद्दल. सेल्स ऑफिसमध्येही तोच आकडा आधी सांगितला जातो. त्याच्याही आधी विचारायला हवा असा एक आकडा आहे : करारनामा नोंदवून कर्ज सुरू होईपर्यंत स्वतःच्या खिशातून किती जाणार?

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. कर्ज ३० लाखांच्या वर गेलं की ही मर्यादा ८० टक्क्यांवर येते आणि ७५ लाखांच्या वर ७५ टक्क्यांवर. म्हणजे आपल्या ४० लाखांच्या घराला जास्तीत जास्त ३२ लाख मिळतील, ८ लाख आपले. त्यावर पुणे महापालिकेच्या हद्दीतलं मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार. नोंदणी फी ३० हजार. इमारतीचं काम चालू असेल तर परवडणाऱ्या घराच्या दराने १ टक्का जीएसटी, म्हणजे ४० हजार. एकूण झाले साडेअकरा लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी १० लाखांपर्यंतच्या घरांचा अपवाद सोडला तर कर्जाच्या हिशेबात धरली जात नाही. वकील, सोसायटीचं डिपॉझिट, वर्ष-दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, पंखे, ओटा, जाळ्या हे सगळं अजून पुढेच आहे.

यातले काही पैसे वाचवता येतात. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ४० लाखांवर सरळ ४० हजार. नवऱ्याचं नाव जोडीला आलं की सवलत जाते. आधी अशा घराच्या विक्रीवर १५ वर्षांची अट होती, ती २०२३ मध्ये काढून टाकली. बायकोचं उत्पन्न कर्जाला धरायचं आणि घरावर नाव मात्र नवऱ्याचं, हा प्रकार अजून सर्रास चालतो. तो बंद व्हायला हवा आणि त्यासाठी ४० हजारांचं कारणही लागू नये. जीएसटीतही बघण्यासारखं आहे. १ टक्क्याचा दर लागायला घराची किंमत ४५ लाखांच्या आत हवी, आणि कार्पेट क्षेत्र मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत, पुण्यात ९० चौरस मीटरपर्यंत. किंमत ४५ लाखांच्या वर गेली की दर ५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घर घेतलं, किंवा कुणाचं जुनं घर घेतलं, तर जीएसटी मुळीच नाही.

आता हप्ता. ३२ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत : महिन्याला सुमारे २७,७७० रुपये. पहिल्या हप्त्यातले जवळजवळ २२,७०० रुपये निव्वळ व्याजाचे, मुद्दल फिटतं ते जेमतेम पाच हजारांचं. वीस वर्षांत मिळून साडेसहासष्ट लाखांवर रक्कम भरली जाते. वर्षाला एक जादा हप्ता थेट मुद्दलात भरत गेलात तर मुदत तीन वर्षांहून जास्त घटते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही. ही सोय कितीतरी कर्जदारांना ठाऊकच नसते.

दोघांचे पगार मिळून ७० हजार येत असतील तर बँक हे कर्ज बहुधा मंजूर करील. तरुण कुटुंबाने मात्र बँकेच्या मंजुरीवर विसंबू नये. घर घेण्याची वर्षं आणि मूल होण्याची वर्षं एकच असतात. कायद्याप्रमाणे २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, पण कंत्राटी नोकरीत, छोट्या कार्यालयात, शाळा-क्लासमध्ये शिकवणाऱ्या कितीजणींना ती प्रत्यक्षात मिळते? रजेनंतर पाळणाघर आलं, नाहीतर गावाहून आईला बोलावणं आलं, नाहीतर नोकरीच सुटली. म्हणून पहिल्या घराच्या हप्त्याला माझी कसोटी एकच : दोघांपैकी एकाचा पगार वर्षभर बंद पडला तरी हा हप्ता चुकता कामा नये. ७० हजारांच्या घरात ही कसोटी लावली की हप्ता वीस हजारांच्या आसपास येतो आणि घर ४० लाखांवरून खाली, तिशीत येतं. तिशीतलं घर म्हणजे लहान, किंवा जुनं, किंवा लांब. या तिन्हींपैकी कशाला हो म्हणायचं, हे ठरवणं म्हणजे पहिलं घर निवडणं.

माझं मत आधीच सांगतो. लहान आणि जुनं स्वीकारावं, लांबचं फार विचार करून घ्यावं, आणि कागद कच्चे असलेलं घर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

आपल्याकडे घर आयुष्यात एकदाच होतं अशी समजूत घट्ट आहे. म्हणून पंचविशीतलं जोडपं पन्नाशीत लागणारं घर शोधू लागतं. मुलाला वेगळी खोली हवी, आईबाबा आले तर हॉल हवा, गाडी घेतली तर पार्किंग हवं. वाढत्या कुटुंबाला वाढतं घर हवं हे खरंच आहे. पूर्वी ते वाढायचंही. गावात आधी एक खोली आणि पडवी, दोन पिकं चांगली आली की मागे स्वयंपाकघर, थोरल्याचं लग्न ठरलं की माडी. घर पाहावं बांधून म्हणतात ते असं वर्षानुवर्षं चालायचं.

शहरातही हे करून बघितलेलं आहे. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबईत चारकोप, गोराई, मालवणी इथे छोटे भूखंड आखून दिले गेले. रस्ता, पाणी, मलनिस्सारण सरकारने केलं, घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे उभं केलं. कुणी आधी पत्रा टाकला, मग स्लॅब, मग वरचा मजला. आज कांदिवलीत चारकोपच्या त्या गल्ल्यांतून फिरलं तर एका मापाच्या भूखंडांवर किती तऱ्हांची घरं उभी राहिली ते दिसतं. बेलापूरला सिडकोसाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी आर्टिस्ट्स व्हिलेज आखलं, त्यातही तीच कल्पना होती. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, प्रत्येक घर स्वतंत्र, दोन घरांत सामाईक भिंत नाही, त्यामुळे शेजाऱ्याला न विचारता आपलं घर वाढवता येईल. तिथली मूळ घरं आता फारशी उरलेली नाहीत. ती पाडून लोकांनी मोठी बांधली, म्हणजे योजना जशी योजली तशीच चालली असं मी म्हणेन. तरुण कुटुंबांसाठी याहून चांगला मार्ग आपल्या शहरांनी दाखवलेला नाही, आणि तो पुढे चालवला नाही ही मोठी चूक झाली. फ्लॅट वाढत नाही. म्हणून आता घर वाढवण्याऐवजी घर बदलावं लागतं, आणि पहिलं घर घेताना ते आठ-दहा वर्षांसाठी घेतोय असं मनाशी धरावं लागतं.

परवडणारं घर म्हटलं की मराठी माणसाला पहिली आठवते ती म्हाडाची सोडत. स्वातंत्र्यानंतरच्या गृहनिर्माण मंडळाने कुर्ल्याचं नेहरू नगर, चेंबूरचं टिळक नगर, विक्रोळीचं कन्नमवार नगर अशा वसाहती उभ्या केल्या आणि गिरणीतल्या, रेल्वेतल्या, कारकुनी करणाऱ्या हजारो कुटुंबांना छोट्या खोल्यांत का होईना, हक्काचं छप्पर दिलं. १९७७ मध्ये त्या मंडळाचं काम म्हाडाकडे आलं. आज गरज आणि पुरवठा यांचं प्रमाण काय आहे ते सोडतीच्या आकड्यांतच दिसतं. मुंबई मंडळाने २०२३ मध्ये ४,०८२ घरांची आणि २०२४ मध्ये २,०३० घरांची सोडत काढली, आणि दोन्ही वेळा अर्ज लाखाच्या वर आले. अर्ज जरूर भरावा, दरवेळी भरावा, पण त्या भरवशावर आयुष्य थांबवून ठेवू नये.

अर्ज भरताना तीन-चार गोष्टींवर अर्ज बाद होतात किंवा घर हातचं जातं. उत्पन्न नवरा-बायकोचं मिळून धरलं जातं. मुंबई महानगर प्रदेशात आणि पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प गट, १२ लाखांपर्यंत मध्यम गट आणि त्यावर उच्च गट. पगार वाढला की गट बदलतो, म्हणून आयकर विवरणपत्र ज्या वर्षाचं मागितलंय त्याच वर्षाचं हवं. राज्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा अधिवास दाखला लागतो. तो काढायला वेळ जातो, म्हणून जाहिरात येण्याआधीच काढून ठेवावा. आणि एक नियम फार महत्त्वाचा : ज्या महापालिकेच्या हद्दीतल्या घरासाठी अर्ज करताय, त्याच हद्दीत तुमचं, जोडीदाराचं किंवा अज्ञान मुलाचं घर असता कामा नये. म्हणजे बदलापूरला छोटं घर घेतलेल्या कुटुंबाला मुंबईच्या सोडतीचा दरवाजा उघडा राहतो, मुंबईत घेतलं तर मुंबईचा बंद होतो. सोडतीत मिळालेलं घर पाच वर्षं विकता येत नाही, हेही लक्षात ठेवावं.

मुंबईपेक्षा पुणे, ठाणे आणि नाशिक या भागांत आणखी एक वाट आहे, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. दहा लाखांहून जास्त लोकवस्तीच्या शहरांत ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावर खाजगी प्रकल्प होत असेल, तर २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावी लागतात आणि ती म्हाडाच्या सोडतीतून जातात. सर्वसमावेशक योजना म्हणतात ती हीच. वाकड-पुनावळेसारख्या भागात शेजारच्या घराच्या बाजारभावापेक्षा खूपच कमी किमतीत, तीच शाळा, तोच रस्ता, तीच बसची फेरी मिळते. गरिबांची वसाहत शहराच्या टोकाला आणि बाकीच्यांची मध्यावर, ही फाळणी थोडी तरी मोडणारी ही योजना आहे. घर स्वीकारण्याआधी मेंटेनन्स किती आणि कशाकशाचा, हे मात्र लेखी विचारून घ्यावं.

सोडतीत न गेलेली घरंही असतात. म्हाडाच्या कोकण मंडळाची विरार-बोळिंजची हजारो घरं बराच काळ पडून होती. पाण्याचा प्रश्न हे त्याचं एक मोठं कारण. पुढे ती प्रथम येणाऱ्यास प्राधान्य या तत्त्वावर विकायला काढली. नशिबाची परीक्षा नको असणाऱ्यांनी अशा जाहिरातींवर लक्ष ठेवावं. सिडकोने २०२४ च्या दसऱ्याला तळोजा, खारघर, कळंबोली, बामणडोंगरी, खारकोपर अशा ठिकाणच्या २६ हजार घरांची योजना काढली आणि अर्जदाराला पसंतीचं घर निवडण्याची सोय दिली, तेव्हा किमती बघून कितीतरी जणांनी पाय मागे घेतला. सरकारी म्हणजे स्वस्त, हे आता गृहीत धरता येत नाही. त्याच भागातल्या तयार घराचा भाव शेजारी मांडूनच ठरवावं.

प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. त्यात गृहकर्जाच्या व्याजावर अनुदान मिळतं. वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, आणि देशात कुठेही पक्कं घर नावावर नसावं. पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर ४ टक्के या हिशेबाने जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतात. आपलं ४० लाखांचं घर या योजनेत बसत नाही, तिशीतलं बसतं. गावी वडिलांच्या घरावर आपलं नाव वारस म्हणून लागलेलं असेल तर अर्ज करण्यापूर्वी त्याचा खुलासा करून घ्यावा.

आता लांबच्या घरांकडे येतो. मुंबईत पहिलं घर घेणाऱ्यांची वाट गेली चाळीस वर्षं रुळांनीच ठरवली. डोंबिवली भरली, मग अंबरनाथ, बदलापूर, नेरळ. भाईंदर भरलं, मग वसई, नालासोपारा, विरार. अलीकडे नेरूळ-बेलापूर-उरण मार्ग २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत गेला, तसं उलवे-द्रोणागिरीकडे लोक वळले. चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटर, सीएसएमटीपासून बदलापूर ६८. गाडीतला वेळच दीड तासाच्या आसपास, शिवाय घर ते स्टेशन रिक्षाची रांग, उतरल्यावर पुन्हा चाल. दिवसाचे साडेतीन-चार तास. एकट्याने ते काही वर्षं निभावतात. मूल झालं की निभत नाही, कारण पाळणाघर संध्याकाळी ठरल्या वेळेला बंद होतं आणि ६:१० ची गाडी चुकली की पुढचीत चढता येईलच असं नसतं. मग दोघांपैकी एक नोकरी सोडतो, आणि ती बहुतेक वेळा आई असते. कमी किमतीचं घर घेऊन दहा-बारा लाख वाचवले आणि एका पगाराची कायमची वजाबाकी झाली, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की लांबचं घर घेण्याआधी दोघांनी मिळून एक पूर्ण आठवडा त्या स्टेशनहून कामावर जाऊन-येऊन बघावं, असं आग्रहाने सांगेन. ओळखीच्यांकडे राहायचं आणि प्रवास करायचा. घरातून काम करण्याची मुभा पक्की असेल, किंवा दोघांची कामं त्याच बाजूला असतील, तर मात्र बदलापूर-विरार उत्तम. तिथली हवा, मोकळी जागा, मराठी शाळा, नाटकं, ग्रंथालयं यांची सवय लागलेली माणसं परत मुंबईत यायला तयार होत नाहीत.

राहिलं जुनं घर. माझ्या मते बहुतेक तरुण कुटुंबांनी सगळ्यात आधी शोधावं ते हेच : १९८५ ते २००५ च्या दरम्यान बांधलेल्या, लिफ्ट असलेल्या किंवा नसलेल्या, तीन-चार मजली सोसायटीतला वन आरके किंवा छोटा वन बीएचके, स्टेशन किंवा बसथांब्यापासून पायी अंतरावर. जीएसटी नाही. ताब्याची वाट बघत एकीकडे भाडं आणि दुसरीकडे कर्जाचं व्याज असा दुहेरी भार नाही. क्लबहाउस आणि पोहण्याचा तलाव नसल्याने मेंटेनन्स आटोक्यात. खाली वाणी, समोर दवाखाना, आणि शेजारी काकू ज्या अडीअडचणीला तासभर मूल सांभाळतील. सॅम्पल फ्लॅटसारखी चकाचक जाहिरात याला कुणी करत नाही, म्हणून तरुणांच्या नजरेत ते येत नाही.

असं घर बघायला पावसाळ्यात जावं, शक्यतो जुलैत, दोन-तीन दिवस झड लागल्यानंतर. आत शिरल्यावर आधी हॉल बघायचा नाही, बाथरूम आणि संडासाच्या छताकडे बघायचं. वरच्या मजल्याच्या नहाणीचं पाणी कुठे मुरतं ते तिथे उमटतं : पांढरट पापुद्रे, पिवळे नकाशे, नुकताच मारलेला रंग. एकाच कोपऱ्याला ताजा रंग असेल तर का, ते विचारायचं. मग तुळई आणि खांब. लोखंडाच्या सळीच्या रेषेत गंजाचा तांबूस ओघळ किंवा लांबट चीर दिसली, तर आतली सळी फुगते आहे असं समजावं. नुसता गिलावा सुटला असेल तर बोटाच्या पेराने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो. तो खर्च निभतो, खांबाचा निभत नाही. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल तर गच्चीत जायचं, पत्र्याची शेड आहे का, वॉटरप्रूफिंग कधी झालं ते बघायचं. परत येताना जिन्यात थांबून पाण्याची वेळ विचारायची. एजंट सांगतो ती वेळ आणि तळमजल्यावरच्या आजी सांगतात ती वेळ यांत फरक असतो, आणि खरी आजींची असते. सोसायटीचा नोटीस बोर्ड वाचायचा. थकबाकीदारांची यादी लांबलचक असेल तर इमारतीच्या दुरुस्तीला पैसे कुठून येणार?

कागदांत सोसायटीचं भागप्रमाणपत्र, आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी आणि त्यांचे इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि मालमत्ता कराची पावती बघावी. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं असं आदर्श उपविधी सांगतात. शेवटचा अहवाल सचिवांकडे मागावा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर घर सोडून द्यावं. जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झालंय का, हा प्रश्न आज किरकोळ वाटतो, पुनर्विकासाच्या वेळी सगळं त्यावर अडतं. हस्तांतरणाचा प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार रुपये आहे. "बिल्डिंग फंड"च्या नावाने लाख-दोन लाख मागितले तर ते बेकायदा आहे आणि उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. बँक कर्जाची मुदत इमारतीच्या उरलेल्या आयुष्यावर ठरवते, म्हणून बयाणा देण्याआधी बँकेच्या मूल्यांककाला आणावं. आणि पुनर्विकासात अमुक फूट जादा मिळणार, या आशेचे पैसे आज मोजू नयेत. पुनर्विकास झाला तर आनंदच, पण किंमत आज उभ्या असलेल्या घराची द्यायची.

बांधकाम चालू असलेलं घरच घ्यायचं असेल तर रेरा कायद्याने १ मे २०१७ पासून बरंच संरक्षण दिलं आहे. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, घर कार्पेट क्षेत्रावरच विकावं लागतं, ताबा लांबला तर व्याज किंवा व्याजासह पैसे परत मागता येतात, आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा. या पाच वर्षांत पहिला पाऊस पडताच घराचे फोटो काढून लेखी तक्रार करून ठेवावी.

पण या कायद्याखाली मिळणारा महारेरा क्रमांक म्हणजे सगळं तपासून झालं असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्या इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती. तिथे घरं घेतलेल्या माणसांनी करारनामे नोंदवले होते, मुद्रांक शुल्क भरलं होतं, अनेकांनी कर्जंही काढली होती. २०२५ च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर उभ्या असलेल्या ४१ इमारती जमीनदोस्त झाल्या आणि हजारो माणसं रस्त्यावर आली. वर्षानुवर्षं वीज, पाणी, घरपट्टी सगळं देऊन झाल्यावर त्या इमारती एकाएकी बेकायदा ठरल्या नव्हत्या, पहिल्या विटेपासून होत्या. ती वीट रचताना यंत्रणेला दिसली नाही, आणि आयुष्याची पुंजी घातलेल्या कुटुंबाचं घर गेलं. या अन्यायाबद्दल पुरेसा संताप आपल्या शहरांत दिसत नाही.

अशा व्यवहारात फसलेली माणसं एकच वाक्य सांगतात : रजिस्ट्रेशन झालं होतं. दुय्यम निबंधक दस्ताची नोंद करतो, इमारतीच्या परवानगीची ग्वाही देत नाही. घरपट्टीची पावती म्हणजेही परवानगी नव्हे. म्हणून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जावं आणि तो क्रमांक, ती तारीख, तो सर्व्हे नंबर त्यांच्या दप्तराशी ताडून बघावा. एक रजा खर्ची पडते, इतकंच. वकील बिल्डरने सुचवलेला घेऊ नये. एखादी राष्ट्रीयीकृत बँक या इमारतीला कर्ज देते का हे विचारावं, आणि सगळ्या बँका नाही म्हणत असताना एखादीच खाजगी वित्तसंस्था चढ्या व्याजाने हो म्हणत असेल तर तिथून निघावं. गुंठ्यावारीच्या जागेवरची घरं, "एनए होणार आहे" असं सांगून विकलेले प्लॉट, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलेल्या खोल्या, या सगळ्यांना हीच कसोटी लावावी.

आणि यातलं काहीच आज जमत नसेल तर भाड्याने राहण्यात कमीपणा मानू नये. ४० लाखांच्या वन बीएचकेला महिन्याला १३ हजारांच्या आसपास भाडं पडत असेल, तर हप्त्याच्या तुलनेत १४ हजारांहून जास्त रक्कम हातात राहते. ती खरोखर बाजूला टाकली तर तीन वर्षांत पाच लाखांवर जाते, आणि सुरुवातीचे साडेअकरा लाख उभे करण्यातली जवळजवळ निम्मी लढाई तिथेच होते. पैसे बाजूला पडत नसतील तर हप्ताही झेपला नसता, हेही त्या तीन वर्षांत समजतं. करार नोंदवलेलाच करावा. हेवी डिपॉझिट देऊन बिनभाड्याने राहण्याच्या व्यवहारात मात्र फार जपावं. मालकाने त्या घरावर कर्ज काढलेलं असेल आणि ते थकलं, तर बँक घर ताब्यात घेते आणि भाडेकरूची पाच-सात लाखांची पुंजी अडकते.

पहिलं घर आठ-दहा वर्षांनी विकून मोठं घ्यायची वेळ येते तेव्हा आयकर कायदा मदतीला येतो. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेलं घर विकून झालेला भांडवली नफा विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा नंतर दोन वर्षांच्या आत दुसरं घर घेण्यात गुंतवला तर त्यावर कर लागत नाही. मुद्रांक शुल्क मात्र नव्या घरावर पुन्हा पूर्ण भरावं लागतं, आणि राहत्या घरातून राहत्या घरात जाणाऱ्या कुटुंबावर हा भार सरकारने हलका करायला हवा असं माझं मत आहे. तोपर्यंत निदान पहिलं घर विकताना अडणार नाही एवढं बघणं आपल्या हातात आहे. ताबा घेतला की पहिल्या महिन्यात भागप्रमाणपत्रावर नाव चढवून घ्यावं, सोसायटीत नामनिर्देशनाचा अर्ज द्यावा, घरपट्टी आणि वीजमीटर नावावर करून घ्यावेत, आणि कर्ज फिटेल त्या दिवशी बँकेकडून मूळ दस्तांचा संच पानं मोजून परत घ्यावा. दहा वर्षांनी तुमचं घर बघायला येणारं जोडपं पहिल्या भेटीत हीच कागदपत्रं मागणार आहे.